मालाच्या मागे मागे

तोंडात घास गेला की माणूस चावतो, आणि चावून झालं की गिळतो. या सर्वमान्य पद्धतीला अख्ख्या खानदेशात एकच माणूस अपवाद होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझे हे थोरले साडू घास हातात घेत, डोळ्यांसमोर धरत, आणि विचारत, "हे कुठून आलं?" हा प्रश्न ते कुणाला विचारत हे सांगणं कठीण. कधी वाढणाऱ्याला, कधी शेजारी बसलेल्याला, तर कधी थेट घासालाच. उत्तर मिळेपर्यंत घास हवेत असे. लग्नानंतर पहिल्यांदा मी बायकोबरोबर तिच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या अक्कांकडे, जळगावला जेवायला गेलो तेव्हा साडूंनी माझ्याकडे रोखून पाहत वरणभाताचा घास हातात धरला आणि हाच प्रश्न केला. मला वाटलं, माझीच चौकशी चालली आहे. मी घाईघाईने म्हणालो, "मी दीपनगरहून." ते म्हणाले, "तुम्ही नव्हे हो, तुरीची डाळ." त्या दिवसापासून आमचं जमलं ते कायमचं.

या सवयीने त्यांनी काय काय घडवून आणलं हे सांगायला बसलो तर माझी सगळी दुपार जाईल, पण वरणगावचं लग्न सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या सासुरवाडीच्या कुणाचं तरी लग्न होतं. पंगत बसली, वाढपे फिरू लागले. साडूंनी वांग्याची भाजी चाखली आणि वाढप्याला अडवलं. "भाऊ, हे वांगं कुठलं?" वाढपी घाईत होता, तो म्हणाला, "आतलं." एवढ्याने साडूंचं समाधान होणार नव्हतं. ते खरकट्या हातानेच उठले आणि आचाऱ्याकडे गेले. आचाऱ्याने सामान आणणाऱ्याकडे बोट दाखवलं, सामान आणणारा मांडवामागे बैलगाडीशी विडी ओढत बसला होता, त्याने बाजारातल्या कुणाचं नाव सांगितलं. इकडे पंगतीतली मंडळी जेवून हात आवरून बसली होती. एक माणूस पानावरून उठून गेलेला आणि त्याचं पान अर्धं भरलेलं, म्हणजे तो परत येणार हे उघड होतं. आणि सगळ्यांचं जेवण आटोपल्याशिवाय पंगत उठवायची नाही हा तिथला रिवाज. सगळे बसून राहिले. दुसऱ्या पंगतीची माणसं मागे उभी राहून पहिल्या पंगतीच्या डोक्यांकडे बघत होती. वराचे काका शेवटी साडूंना शोधत मांडवामागे गेले तर साडू बैलगाडीच्या साट्यावर बसून सामान आणणाऱ्याला विचारत होते, "पण वांगी सकाळी तोडली की काल संध्याकाळी?" अक्कांनी त्या दिवशी जी मान खाली घातली ती जळगाव येईपर्यंत वर केली नाही.

अक्कांनी पुढे त्यांना भाजी आणायला पाठवणं बंदच केलं. सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडलेले साडू एकदा दिवेलागणीला परतले होते. कोथिंबिरीची जुडी घेताना त्यांना तिची मुळं ओली दिसली. ओली का, असं त्यांनी विकणाऱ्या बाईला विचारलं. ती बाई त्यांना ओळखत होती. ती म्हणाली, "नाना, तुम्हले कोथमीर लेनी शे का तिनी सोयरीक जुळाडनी शे?" पण साडू हसले नाहीत, ते तिच्या पुरवठादाराकडे गेले, तो एरंडोलच्या गाडीने माल येतो असं म्हणाला, साडू त्या गाडीत बसले. कोथिंबीर जिथे उगवली होती त्या वाफ्याशी उभं राहून त्यांनी शेतकऱ्याबरोबर चहा घेतला आणि परत आले. पिशवी रिकामी होती. "आणि जुडी?" असं अक्कांनी विचारलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती त्यांनी त्या शेतकऱ्याला दाखवायला दिली आणि त्याच्याचकडे राहिली. म्हणजे कोथिंबीर पुन्हा आपल्या जागी पोचली होती. मला या गोष्टीत एक प्रकारचा न्याय दिसतो, अक्कांना दिसला नाही.

मी दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारा, पाळीची नोकरी करणारा माणूस. मला जेवण डब्यातून येतं एवढं पुरत असे. म्हणून मला या माणसाचं मोठं कुतूहल वाटे. सुट्टी मिळाली की मी भुसावळहून गाडी पकडून जळगावला जाई आणि त्यांच्याबरोबर नुसता फिरे. एवढी चौकशी कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा ते खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांना सल्ला देण्याच्या सरकारी नोकरीत होते. त्यांनी सांगितलं, "रावेरकडे एका स्टेशनाबाहेर केळीचे घड पडलेले पाहिले. ढीगच्या ढीग. वॅगन मिळाली नाही म्हणून काळे पडत होते. मी घड उलटून पाहिला, माल उत्तम होता. शेतकऱ्याच्या मळ्यात गेलो, शेतकरी कष्टाळू, जमीन चांगली. तिकडे दिल्लीत लोक केळ्यासाठी रांग लावून उभे. मग मला सांगा, वाईट काय होतं?" मी म्हणालो, वॅगन. ते म्हणाले, "वाट वाईट होती. आम्ही जन्मभर शेतकऱ्याला पेरणी शिकवली. पेरलेलं तोंडापर्यंत कसं जातं हे शिकवणारं कुणी नाही, कारण ते माहीत असलेलंच कुणी नाही." हे बोलताना त्यांचा आवाज असा झाला होता की मी पुढची थट्टा गिळून टाकली.

आणि मग या माणसाने ती नोकरी सोडली. पुण्याच्या एका संस्थेने त्यांना वर्ग काढायला थोडी मदत देऊ केली, आणि जळगावात एका शिंप्याच्या दुकानाशेजारची लांबट खोली घेऊन त्यांनी वर्ग सुरू केला. वर्गाचं नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं: 'शाश्वत अन्न मूल्यसाखळी विश्लेषण व रचना तज्ज्ञ प्रशिक्षण वर्ग'. रंगाऱ्याने पाटी रंगवायला घेतली आणि 'प्रशिक्षण'पर्यंत येताच पाटी संपली. 'वर्ग' हा शब्द त्याने शेजारच्या दारावर काढला, ते दार शिंप्याचं. त्यामुळे वर्षभर लोक शिंप्याकडे प्रवेश मागायला जात आणि साडूंकडे विजारी शिवायला टाकत. मी एकदा या नावातल्या 'शाश्वत'चा अर्थ विचारला. ते म्हणाले, "टिकाऊ. पण माल टिकतो तो नव्हे, वाट टिकते ती. ज्या वाटेने गेल्यावर जमीनही उरते, शेतकरीही उरतो आणि खाणाराही उरतो, ती टिकाऊ वाट." शिंपी ऐकत होता, तो म्हणाला, "आणि आपण दोघं?" साडू म्हणाले, "आपलं पुण्यावर अवलंबून आहे." तेव्हा आम्ही तिघेही हसलो.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा पाहायला मी मुद्दाम जाऊन बसे. फळ्याच्या उजव्या टोकाला एक उघडं तोंड काढलेलं, दातांसकट. डाव्या टोकाला माती. मधली जागा कोरी. "ही जागा तुम्ही चालून भरायची," असं ते सांगत. पुस्तक नव्हतं. प्रत्येकाला एक पदार्थ मिळे आणि त्याने त्या पदार्थाच्या मागे मागे जायचं: मळ्यातून बांधावर, बांधावरून फाट्यावर, फाट्यावरून बाजारात, बाजारातून स्वयंपाकघरात. नियम दोनच. मालाला हात लावायचा नाही, आणि मालाच्या पुढे जायचं नाही. "तुम्ही पुढे पळालात की माल कुठे अडला ते तुम्हाला जन्मात कळणार नाही. माल थांबला की तुम्ही थांबा. तो उन्हात तर तुम्ही उन्हात. पोत्याला विचारता येत नाही, म्हणून पोत्यासारखं बसायला शिका." पोरंसोरं नव्हती ती, चांगली पदव्या घेतलेली तरुण माणसं होती, आणि ती खरोखर पोत्यासारखी बसत. बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या रांगेत मी एकदा साडूंच्या विद्यार्थ्याला पाहिलं, एक हमाल त्याला ओलांडून गेला तरी तो हलला नाही.

ऐकायला गंमत वाटेल, पण तिसऱ्या वर्षी पेच आला. पुण्याच्या संस्थेने कळवलं की आमच्या समितीचे तीन सदस्य येऊन वर्ग पाहतील; तुमचे विद्यार्थी नुसते चालतात की त्यातून काही घडवूनही दाखवतात ते पाहतील; आणि समाधान झालं नाही तर यापुढे मदत मिळणार नाही. मदत नाही म्हणजे वर्ग नाही. साडूंनी नोकरी सोडलेली, ती परत मिळण्यातली नव्हती. पण त्यांना त्याची काळजी वाटताना दिसली नाही. त्यांना काळजी होती ती शेवटच्या तुकडीतल्या तिघांची. ते मला म्हणाले, "अजून तयार व्हायचीत. आत्ता वर्ग बंद झाला तर ही तिघं कुठल्या तरी कचेरीत चिकटतील आणि अर्धवट राहतील. एक जरी पुरा तज्ज्ञ झाला ना, तर खानदेशात ही विद्या राहिली असं म्हणता येईल." एवढंच त्यांचं मागणं होतं. मला ते फार थोडं वाटलं होतं तेव्हा.

त्या तिघांची ओळख करून देतो. शैला भडगाव तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. रईस भुसावळचा, घरचा फळांचा धंदा, रेल्वेतल्या निम्म्या माणसांना नावाने हाक मारणारा. आणि पंडित धुळ्याकडचा, इतका आज्ञाधारक की साडूंनी बस म्हटल्यावर खुर्ची कुठे आहे हेही तो बघत नसे.

साडूंनी समितीसाठी बेत ठरवला तो जेवणाचा. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवटी केळं. अस्सल खानदेशी पान. पण त्यातला प्रत्येक जिन्नस विद्यार्थ्यांनी आखलेल्या नव्या वाटेने, वेळेत, ताजा, दुपारच्या बाराला जळगावात यायचा. आणि प्रत्येक जिन्नसाच्या मागे त्याचा तज्ज्ञ उभा राहून त्याचा प्रवास सांगणार. वांगी शैलाकडे, कळण्याचं पीठ पंडितकडे, केळी रईसकडे. भरिताची वांगी म्हटलं की लोक तापीकाठाकडे बघतात, पण तिथून ती सहज येतात म्हणून साडूंना ती नको होती. त्यांना गिरणाकाठची हवी होती. "सोपी वाट आखून दाखवण्यात काय अर्थ?" असं ते म्हणाले. अक्कांना त्यांनी ताकीद दिली की त्या दिवशी बाजारातलं एकही वांगं घरात येता कामा नये. अक्का म्हणाल्या, "आणि नाही आलं तर?" साडू म्हणाले, "असं कसं नाही येणार? ती तिघं आहेत ना मालाबरोबर."

मी रजा काढून बायकोला घेऊन सकाळीच आलो होतो. वर्गाची खोली झाडून घेतली, सतरंजी घातली, पानं मांडली. समिती वेळेवर आली. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर, सौम्य गृहस्थ. बरोबर एक बाई आणि एक तरुण. अध्यक्षांनी आल्या आल्याच जपून सांगितलं की त्यांना मधुमेह आहे आणि जेवणाची वेळ टळलेली चालत नाही. साडू म्हणाले, "बाराला पानावर बसायचं." बारा वाजले, आम्ही पानावर बसलो. पानात मीठ होतं आणि वाटीत तेल होतं. मीठ आणि तेल यांची वाट आदल्या आठवड्यातच तपासून झाली होती. अक्का आत चुलीत निखारे तयार करून बसल्या होत्या, वांगी भाजायला. निखारे फार सुरेख पडले होते.

साडेबारा झाले तसं साडूंनी मिठावर बोलायला सुरुवात केली. मीठ समुद्राकडून जळगावात कसं येतं, वाटेत किती वेळा ओलं होतं आणि का, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की समितीतल्या तरुणाने वहीत लिहून घेतलं. अध्यक्ष मिठाकडे पाहत होते. तेवढ्यात समोरच्या औषधाच्या दुकानातून माणूस धावत आला, ट्रंक कॉल आहे म्हणून. साडू पळाले, मी त्यांच्या मागे. पंडित होता. धुळ्याकडे कुठल्याशा तारेवर झाड पडून वीज गेली होती आणि पिठाची गिरणी बंद होती. ज्वारी आणि उडीद गिरणीत, पंडित गिरणीशी. साडू माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची वीज!" जसा काही मी घरून निघताना बटण बंद करून आलो होतो. मग फोनवर म्हणाले, "दुसरं पीठ नाही का तिथे?" पंडित म्हणाला, "आहे ना सर. गिरणीवाल्याच्या घरी कळण्याचं ताजं पीठ आहे, तो न्या म्हणतोय. पण ते आपल्या ज्वारीचं नाही." साडूंनी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. शेवटी म्हणाले, "बरोबर. बस तिथेच."

आम्ही परतलो तो अध्यक्षांच्या हातात समितीतल्या बाईंनी दिलेली दोन बिस्किटं होती. ती ते पानाआड धरून खात होते, आमच्याकडे न बघता. साडूंनीही ती पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या खाद्यपदार्थाबद्दल काही विचारलं नाही. पुन्हा ट्रंक कॉल आला. हा रईसचा, आणि तो खंडव्याहून. मला आधी समजेना की जळगावच्या पानात पडायची केळी खंडव्याला काय करतात. झालं होतं असं: आदल्या संध्याकाळी घड कापून स्टेशनावर आणले, तिथे दिल्लीची वॅगन भरत होती आणि तिला थोडा माल कमी पडत होता. कापणाऱ्यांनी बाजूला ठेवलेले आमचे घडही उचलून आत टाकले. आता रईससारख्या मुलाने दोन घड मागून घेतले असते तर कुणी नाही म्हणालं नसतं. पण मालाला हात लावायचा नाही. आणि माल जाईल तिकडे जायचं. गार्ड ओळखीचा निघाला. रईस गाडीबरोबर रातोरात मध्य प्रदेशात. फोनमध्ये तो ओरडत होता तो मलाही ऐकू येत होता, "सर, आपली केळी दिल्लीला चालली! मी काय करू? उतरू का जाऊ?"

साडूंनी फोनवर हात ठेवला. औषधाच्या दुकानाच्या काचेतून समोर खोलीचं दार दिसत होतं, दारात अध्यक्ष घड्याळ पाहत उभे. मला वाटलं, आता तरी हा माणूस शहाण्यासारखं काही बोलेल. त्यांच्या कपाळावर घाम होता. तो त्यांनी बाहीने पुसला. मग हात काढून म्हणाले, "जा. बाजारात कोण उतरवून घेतो ते बघ." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून हसले. अपराधी हसू होतं ते, पण आत कुठे तरी लहान मुलाला सर्कशीचं तिकीट मिळाल्याचा आनंदही होता.

शैलाचा फोन आलाच नाही. समितीची परतीची गाडी होती. मीच तिघांना स्टेशनाजवळ घेऊन गेलो आणि शेवभाजी खाऊ घातली. कुठून आली ती, मी विचारलं नाही. निघताना अध्यक्ष साडूंचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचा विचार फार चांगला आहे. मी मनापासून सांगतो. पण ताटात काहीतरी यायला हवं होतं हो." त्यांच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. वर्ग गेला हे आम्हाला तिथेच कळलं. साडू "हो, हो," म्हणत राहिले.

उन्हं कलली तेव्हा शैला आली. चेहरा रापून लाल झालेला, ओढणीला धूळ, आणि मागून एक माणूस पाटी घेऊन आला. पाटीत वांगी होती, पार मऊ पडलेली. साडूंनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "कुठे होतीस?"

"फाट्यावर, सर. सकाळी आठपासून. टेम्पो भरल्याशिवाय हलतच नाही. एक जण माल घेऊन येतो, तो दुसऱ्याची वाट बघतो, दुसरा तिसऱ्याची. तोपर्यंत सगळा माल उन्हात."

"जळगावची बस गेली की नाही?"

"गेली ना. बऱ्याच गेल्या."

"मग पाटी उचलून बसमध्ये बसायचंस की, बाई!" हे बोलल्या बोलल्या साडूंनी जीभ चावली. शैला त्यांच्याकडे पाहत राहिली, कारण हे असलं वाक्य तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"पण सर, बसने आणलं असतं तर टेम्पो किती थांबतो ते कसं कळलं असतं?"

मग ती उठली आणि फळ्याशी गेली. एरवी चार वाक्यांच्या वर न बोलणारी ही मुलगी खडू घेऊन बोलायला लागली. कुठल्या गावचा माल केव्हा फाट्यावर येतो, का येतो, लवकर येणारा कशाच्या भीतीने लवकर येतो, टेम्पोवाल्याचं कसं चुकत नाही आणि शेतकऱ्याचंही कसं चुकत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी यायचं ठरवलं आणि डोक्यावर चार पत्रे घातले तर वांगं दुपारच्या आत जळगावात पोचतं हे तिने असं मांडलं की मला, एका वीज केंद्रातल्या माणसालाही, ते स्वच्छ दिसलं. "फार तहान लागली होती सर," ती मध्येच म्हणाली. "वांग्यांनाही लागली असणार. हे बसल्याशिवाय नाही समजत." साडू विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी एकदाही मध्ये प्रश्न विचारला नाही. तिचं संपलं तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "झाली तयार." आणि अक्कांनी त्या मऊ पडलेल्या वांग्यांचं भरीत केलं. पंडितही तोवर पीठ घेऊन आला होता. आम्ही सगळे पोटभर जेवलो. मी सांगतो, इतकं चविष्ट भरीत मी पुन्हा खाल्लं नाही, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नाही.

वर्ग बंद झाला. पुण्याहून तसं रीतसर कळवण्यात आलं, सभ्य भाषेत. खोली शिंप्याने घेतली, आणि पाटीवरचं लांबलचक नाव पुसताना त्याने रंगाऱ्याला निम्मं नाव तसंच ठेवायला सांगितलं, गिऱ्हाइकावर वजन पडतं म्हणून. रईस आठवड्याने दिल्लीहून आला तो तिकडच्या बाजाराच्या गोष्टी घेऊन, आणि पुढे त्याच कामाला लागला. पंडित नोकरीला लागला, त्याला बसायला खुर्ची मिळाली. शैला गावी गेली. साडू एका बियाण्यांच्या दुकानात बसू लागले. तिथे बी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला ते विचारत, "हे उगवल्यावर कुठे जाणार?" दुकानमालकाला हा प्रश्न आवडत नसे. हळूहळू तो कमी झाला, आणि ताटापुढचा प्रश्नही कमी झाला. अक्का एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "हल्ली हे मुकाट्याने जेवतात गं. मला नाही बघवत." ज्या बाईने त्या प्रश्नापायी जन्मभर मान खाली घातली तिने हे म्हणावं, याने मला गलबलून आलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, साडूंचे केस पार पिकले होते तेव्हा, आम्ही दोघे चाळीसगावला एका कामासाठी निघालो होतो. भडगावच्या अलीकडे फाट्यावर बस पाणी घ्यायला थांबली. रस्त्याच्या कडेला पत्र्याची लांब शेड होती, खाली पाट्या, क्रेट, माणसं. साडू खिडकीतून पाहत होते, एकदम म्हणाले, "उतरा." मी त्यांच्या मागोमाग उतरलो.

शेडमध्ये एक मध्यमवयीन बाई भेंडी निवडत होती. आम्हाला आलेलं पाहून तिने विचारलं, "कोनाकडे उनात, बाबा?"

"असेच. वाटेत होतं म्हणून," साडू म्हणाले. "हे कोणी सुरू केलं?"

"शैलाअक्कानी. आते ती आठे नही, शिरपूरकडे गयी. तठे बी असंच करी राह्यनी."

"तिला हे कोणी शिकवलं?"

मी पुढे होऊन सांगणारच होतो, हा माणूस कोण आहे ते. साडूंनी माझं मनगट धरलं आणि असं घट्ट धरलं की मी गप्प बसलो. ती बाई भेंडी निवडता निवडता हसली. "कोन शिकाडस असलं? ती म्हने, उन्हमा बसीसन शिकनी."

साडूंनी वर पत्र्यांकडे पाहिलं. माझं मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "इथे माल किती वेळ थांबतो?"

"थांबस नही, बाबा," ती म्हणाली. "उना का गया." म्हणजे आला की गेला.

तेवढ्यात टेम्पो आला. चार-पाच जणांनी क्रेट चढवले, कुणी कुणाची वाट पाहिली नाही, कुणी ओरडलं नाही. फळी लागली, टेम्पो निघाला. आमची बसही मागून हॉर्न वाजवत होती. साडू रस्त्याच्या मधोमध उभे राहून गिरणेच्या पुलाकडे जाणाऱ्या त्या टेम्पोकडे पाहत होते. डोळ्यांवर हात धरला होता, उन्हासाठी असेल. टेम्पो दिसेनासा झाला तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"वेळेवर गेला," ते म्हणाले.